पुढच्या डिस्क ब्रेकचं रिपेअर किट: आठ महिन्यांनंतर

गाडी १९६७ सालची, दोन सीटची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही. किट कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण या कहाणीत किटपेक्षा माझ्या घाईचा वाटा मोठा आहे. डब्यात होतं ते असं: स्टेनलेस स्टीलचे चार पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारे दट्टे), चौकोनी काटछेदाची सीलं, डस्ट बूट (पिस्टनवर धूळ बसू न देणारी रबरं) आणि ते बसवायच्या रिंगा, शिवाय डिस्कला घासणाऱ्या पॅडचा एक संच.

तक्रार विचित्र होती. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि पाय काढला की जरा वेळ उजवीकडे. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबलं की उजव्या चाकाजवळ जळका वास यायचा. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर डावी डिस्क ७० अंश, उजवी १४०. "जुनी गाडी आहे, ब्रेक असेच असायचे," हे ऐकून कान किटले होते. ते मला पटत नव्हतं. १९५३ साली जॅग्वारने ल मांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली होती आणि १९५६ पासून ट्रायम्फ टीआर३ला पुढे डिस्क कंपनीतूनच येत होत्या. माझी गाडी बनली तोवर हे तंत्र चांगलं मुरलेलं होतं. म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मी ठरवूनच टाकलं की उजव्या कॅलिपरचा, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरून डिस्कवर बसणाऱ्या भागाचा, पिस्टन अडकलाय. किट मागवलं.

कॅलिपर उघडला तेव्हा मला बरोबर असल्याचा आनंदही झाला. आतल्या बाजूच्या पिस्टनवर, बरोबर डस्ट बूट टेकतो त्या कडेला, क्रोमचे पापुद्रे सुटून गंजाचे खड्डे पडले होते. नख फिरवलं तर अडकत होतं. पिस्टन काढायला हवेचा दाब वापरणार असाल तर समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब ठेवा. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मी गाडीचंच पेडल हळूहळू दाबून बाहेर आणले. ऑइल सांडतं, पण धाक नसतो. कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट मात्र सोडले नाहीत. मधल्या ऑइलच्या वाटेला स्वतःचं छोटं सील असतं आणि ते किटमध्ये नव्हतं.

सील बसवणं हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पेडल दाबलं की खाचेतलं चौकोनी सील पिस्टनसोबत किंचित पिळतं, पाय काढला की पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. बस्स, तेवढंच. म्हणून खाचेत गंजाचा एक कण राहिला तरी सगळं फसतं. मी लाकडी टूथपिकने खाच घासली, नवीन ब्रेक ऑइलने धुतली, सीलला लाल रबर ग्रीस लावलं. साधं ग्रीस चुकूनही लावू नका. खनिज तेलाने ही रबरं फुगतात. जुन्या पॅडची धूळही हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

मग पहिला घोळ. सगळं जोडलं, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला बसलो, आणि पेडल काही केल्या स्पंजीच. एक अख्खी बाटली ऑइल संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाखाली वाकून बघतो तर ब्लीडर निपल (हवा बाहेर सोडायचं तोंड) खालच्या बाजूला! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कुठून? बायकोने पेडल दाबून दाबून पाय दुखवून घेतला होता, तिला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

अदलाबदल केली, पेडल दगडासारखं घट्ट झालं, फेरी मारून आलो. उजवं चाक तरी गरमच.

जे आधी करायला हवं होतं ते मग केलं. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, ब्रेक दाबून सोडला. उजवं चाक हाताने फिरेना. होज पाइप (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी पाइप) जिथे लोखंडी पाइपला जोडला जातो तिथला नट सैल केला. चाक तरीही जाम. इथे चाक सुटलं असतं तर दोष वरचा, म्हणजे मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग): पेडलपासून येणाऱ्या दांड्याला, पुशरॉडला, ढिलाई नाही किंवा ऑइलच्या परतीचं भोक तुंबलंय. नट आवळला आणि कॅलिपरचा निपल उघडला. ऑइलची एक पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. दाब होज आणि कॅलिपरच्या मध्ये कोंडला होता. निपल उघडूनही चाक धरून बसलं असतं तर पिस्टन किंवा पॅडच अडकलेत असं म्हणता आलं असतं. होज कापून बघितला: बाहेरून ठणठणीत, आतून रबर एवढं फुगलेलं की सुईही जाईना. पायाच्या जोराने ऑइल आत घुसायचं, उशिरा. म्हणून गाडी आधी डावीकडे जायची. सीलच्या नाजूक ओढीने ते परत मात्र यायचं नाही. सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त भाग. तिन्ही होज एकदमच बदलले, मागचाही.

आता आठ महिन्यांचा हिशेब. दोन्ही डिस्कच्या तापमानात आता पाचेक अंशांच्या वर फरक दिसत नाही. गेल्या आठवड्यात बूट सरकवून पिस्टन पाहिले, चकचकीत आहेत. पॅड काढून ढकलले तर एकसारखे मागे गेले. (ढकलण्याआधी मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं थोडं ऑइल काढून घ्या, ते ओसंडून रंगावर पडलं की रंगच उचलतं.) स्टेनलेसचे पिस्टन घेतल्याचा पश्चात्ताप नाही, पण डाव्या कॅलिपरचे जुने पिस्टन चांगलेच निघाले, तिथे नुसती सीलं बदलली असती तरी भागलं असतं.

किटमधल्या पॅडवर मात्र मी नाराज आहे. फार कडक. सर्वो नसलेल्या गाडीत सकाळचा पहिला ब्रेक अक्षरशः उभं राहून दाबावा लागायचा, गरम झाले की उत्तम चालायचे. रोजच्या वापरात असे पॅड काय कामाचे? तिसऱ्या महिन्यात मऊ पॅड टाकले आणि किंचाळणंही त्याबरोबर गेलं. आणखी एक खोट: बुटाच्या चारपैकी दोन रिंगा सैल होत्या, एक पाचव्या महिन्यात निसटली.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं ठेवलंय. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की हीच किमान मर्यादा १५५वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलणार. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला धक्का लावत नाही हे खरं, पण ते यात मिसळत नाही, आणि सगळी लाइन धुऊन काढायची माझी तयारी नाही.

निसटलेल्या रिंगेच्या जागी दुसरी मागवलीय. ती येईपर्यंत डाव्या कॅलिपरचा तो बूट दर रविवारी बघतो.