दूध काढणारा रोबोट: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या हिवाळ्यापासून मी नेदरलँड्समध्ये, फ्रीसलँड प्रांतातल्या एका गोठ्यावर दूध काढणाऱ्या रोबोटसोबत काम करतेय. या देशात असे रोबोट १९९२ पासून गोठ्यांवर आहेत, त्यामुळे इथे कुणाला नवल नाही. गावाकडून मात्र फोन येतात ते किंमत आणि लिटर विचारायला. मला गायींबद्दल सांगायचंय.

खुराकाच्या ओढीने गाय आपणहून आत येते, गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखतं. आधीच्या धारेला पुरेसा वेळ झाला नसेल तर खुराक न देताच फाटक उघडतं. झाला असेल तर ब्रश सड पुसतात आणि त्या चोळण्यानेच ती पान्हावते. मग दूध ओढणारा एकेक कप सडावर चढतो, आणि सुटतोही एकेक. मला हे सगळ्यात आवडलं. पुढच्या सडांत दूध कमी, ते आधी रिकामे होतात. साध्या मशीनवर मागचे संपेपर्यंत पुढचे कोरडेच ओढले जातात. इथे तसं होत नाही, सडांची टोकं मऊ राहतात. प्रत्येक सडाच्या दुधाची विद्युतवाहकताही मोजली जाते. ती वाढली की दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची शंका घ्यायची. पण कास हाताने चाचपून, चार धारा काढून बघितल्याशिवाय मी यंत्रावर विसंबत नाही.

खरी अडचण रोबोटच्या दारासमोर आहे. एका रोबोटमागे साधारण साठ गायी, आणि दिवसाला गायीमागे सरासरी अडीच-तीन धारा. या सरासरीवर जाऊ नका. दांडग्या गायी दारातच ठाण मांडतात. आमची एक काळीबांडी पहिलारू (पहिल्यांदाच व्यायलेली गाय) दोन पावलं पुढे यायची, मोठीने नुसती मान वळवली की मागे सरायची आणि मध्यरात्रीनंतर दार मोकळं झालं की आत शिरायची. गायीला दिवसाकाठी दहा-बारा तास तरी बसायला मिळायला हवं. हिचे कितीतरी तास ताटकळण्यात जायचे. दारासमोरचे आडवे पाइप हलवून जागा रुंद केली, तेव्हापासून ती दिवसाही येते.

सकाळी मी आधी न आलेल्या गायींची यादी उघडते. तीच गाय पुन्हा दिसली की तिचे खूर बघते. पाय दुखत असेल तर खुराकाची ओढही तिला चालवत नाही. नुसती रोज हाकून आणली तर दुखणं तसंच राहतं, वर हाकल्याशिवाय न उठायची सवय लागते.

आपल्याकडे दावणीला बांधलेल्या गायींना याचा उपयोग नाही, गाय मोकळीच हवी. मुक्त संचार गोठा आणि पुरेशा गायी असतील तर विचार करा. पण दारासमोर किती जागा सोडायची आणि यंत्र रात्री बंद पडलं तर दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल, हे आधी लिहून घ्या. आमच्याकडे एकदा तो सकाळी उजाडल्यावर आला. तोवर गायी तटतटलेल्या कासेने दारात उभ्या होत्या.