हार घातलेल्या ट्रॅक्टरशेजारी उभी आहे ती मीच

व्हॉट्सॅपवर एक फोटो फिरतोय. मिनी ट्रॅक्टरला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ, शेजारी पेढ्यांचा पुडा धरून हसणारी एक बाई. खाली लिहिलंय, ‘साताऱ्याचे आमचे समाधानी ग्राहक’. ती बाई मी. महिन्याभरात कोरेगाव, फलटण आणि विट्याहून तिघांनी मला शोधून काढून फोन केला, “मॅडम, मशीन कसं चाललंय?” तिघांना तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकते. हा जुना ट्रॅक्टर आणि मागचं गवत कापायचं मशीन मला खोटं सांगून विकणाऱ्या एजंटचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. फोटोवरून ओळखा.

साताऱ्याहून वाईकडे जाताना लिंब फाट्याच्या अलीकडे आमचं मंगल कार्यालय आहे. वीस गुंठे लॉन, मागे दीड एकर आंबा-चिकू, आणि त्याच्याही मागे ओढ्याकडे उतरणारी दगडगोट्यांची पट्टी. गवत तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. लॉनवर हराळी, तिला दर आठवड्याला दाढीसारखं वरच्यावर कापावं लागतं. बागेत आषाढापासून लव्हाळा आणि गाजरगवत, महिन्याभरात कमरेएवढं. उतारावर कुसळी, एकदा वाळली की पाहुण्यांच्या साड्यांना चिकटते आणि शिव्या मला बसतात. लॉनला ढकलायचं पेट्रोल मशीन, बाकीच्याला खांद्यावरचा ब्रशकटर, आणि हे सगळं ओढणारे आमचे दोन मामा. दोघंही साठीच्या पुढचे. नवी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर लग्नसराईत नेमकी गावच्या जत्रेला जातात.

तर मला एकच मशीन हवं होतं. सगळं कापणारं. ही माझी हाव त्या माणसानं पहिल्या फोनमध्येच ओळखली.

तो तासगावकडचा. जुने मिनी ट्रॅक्टर घेऊन-देऊन करतो. आम्ही गेलो तेव्हा आधी चहा, मग अर्धा किलो बेदाण्याचा डबा. “वहिनी, तुमच्याकडून मी नफा घेणार का? माझ्या बहिणीचं लग्न तुमच्याच कार्यालयात झालं असतं, तारीख मिळाली नाही म्हणून राहिलं.” (नंतर मी जुनी बुकिंगची वही काढून पाहिली. त्या आडनावाची चौकशीसुद्धा नाही.) मग मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. एक गोरा म्हातारा ट्रॅक्टरवर बसून मैदानच्या मैदान गालिच्यासारखं कापत चाललाय. “हे बघा, तुमचं काम.”

आता कळतं, त्या व्हिडिओतला डेक, म्हणजे पाती बसवलेला कापायचा डबा, ट्रॅक्टरच्या पोटाखाली होता. तिकडच्या लहान ट्रॅक्टरना मधे एक वेगळा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा असतो, तो मिनिटाला दोन हजार फेरे फिरतो. आपल्याकडच्या मिनी ट्रॅक्टरना बहुतेक मागचाच पीटीओ, 540 फेऱ्यांचा. म्हणजे जे दाखवलं आणि जे विकलं, त्यांची जातच वेगळी. पण मी त्या वेळी डेक कुठे लटकतोय ते बघत नव्हते, गालिचा बघत होते.

मशीन होतं 24 एचपीचं, फोर व्हील ड्राइव्ह, 2019 चं मॉडेल म्हणाला, मीटरला 640 तास. मागे पाच फुटी मोवर डेक, तीन पाती, वर कुठल्याशा परदेशी कंपनीचं चकचकीत स्टिकर. दोन्ही मिळून तीन लाख पंच्याऐंशी हजार. डेमो दिला भर दुपारी, कोरड्या, आधीच कापलेल्या पट्ट्यावर. गवत जेमतेम वीतभर. ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, मागे सपाट दिसलं, मी मान डोलावली. मोठ्या मामांनी हळूच विचारलं, “ताई, तिकडं बांधाकडचं उंच गवत कापून दाखवा म्हणावं की.” एजंट म्हणाला, “तिथं साप आहेत मामा.” आणि आम्ही हसलो!

आरसी मागितली तर, “बँकेत आहे, लोन कालच मिटलं, आठ दिवसात कागद घरपोच.” शिवाय बारामतीचं गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार होतं. ते गिऱ्हाईक विट्याच्या माणसालाही सांगितलंय म्हणे, आणि अजून सकाळ झालेली नाही. मी त्याच दिवशी तीन लाख पंचेचाळीस हजार रोख दिले. चाळीस हजार कागद आल्यावर द्यायचे ठरले. या सगळ्यात शहाणपणाची म्हणावी अशी ही एकच गोष्ट, तीही माझ्या जावेनं फोनवरून हट्ट धरला म्हणून. पावती वहीच्या पानावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जसे आहे तसे’. ट्रॅक्टर आमच्याकडे उतरला तेव्हा हार-नारळ त्यानंच आणला होता. फोटोही त्यानंच काढला.

पहिल्या पावसानंतर लॉनवर डेक फिरवला. गवत कापलंच जाईना. थोडं आडवं पडायचं, थोडं फाटायचं. दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी पडून अख्खा लॉन आजारी दिसायला लागला. बागेत तर दहा फुटांत डेक तुंबला, पट्ट्याचा जळका वास. एजंट फोनवर म्हणाला, “पात्यांना धार लावा.” लावली. “गवत ओलं असेल.” जुलैत साताऱ्यात गवत कोरडं कुठून आणू?

शेवटी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी पुलीवर चमकता टेप चिकटवला, टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) रोखला आणि म्हणाले, “वहिनी, पाती हजारानं फिरताहेत. सत्तावीसशेच्या आसपास पाहिजेत.” मग जमिनीवर खडूनं हिशेब मांडला, तो मी तसाच देते, कारण सगळ्या फसवणुकीचं मूळ त्यात आहे. गवताचं पातं हलकं असतं, दुसऱ्या बाजूनं त्याला कुणी धरलेलं नसतं. मशीनच्या पात्याचं टोक पुरेशा वेगानं आलं तरच गवत तुटतं, नाहीतर वाकतं. आमच्या डेकचं एकेक पातं 21 इंचांचं. 2700 फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला 75 मीटर जातं. हजार फेऱ्यांना फक्त 28. खऱ्या लॉन मोवरमध्ये गिअरबॉक्स आणि पुल्या मिळून पीटीओचे 540 फेरे पाचपट वाढवतात. आमच्यात गिअरबॉक्स होता स्लॅशरचा, म्हणजे झाडोरा तोडायच्या मशीनचा, तो 540 चे हजार करतो, आणि पुढच्या पुल्या सगळ्या सारख्याच मापाच्या. स्लॅशरला हजार बास होतात, कारण त्याचं पातं एकच आणि चांगलं लांब. पाच फुटी पात्याचं टोक हजार फेऱ्यांनाही 75 च्या पुढे जातं. कुणीतरी स्लॅशरचा गिअरबॉक्स घेऊन लॉन मोवरच्या आकाराचा डबा ठोकला होता आणि वर स्टिकर लावलं होतं. स्टिकर नखानं निघालं. खाली दुसऱ्याच रंगाचा हात.

“आणि खरा डेक असता तरी,” दादा म्हणाले, “तो बागेतल्या दगडांत नेला असता तर आठवड्यात स्पिंडलची, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं गेली असती. लॉनचं मशीन लॉनला, झाडोऱ्याला स्लॅशर, दगड असतील तर फ्लेल, लोंबत्या छोट्या पात्यांचं. तुम्हाला तिन्ही एकात कुणी विकलं?”

ट्रॅक्टरची कथा बॉनेटखाली निघाली. सीटच्या खालच्या बेचक्यात, बॅटरीच्या पेटीत, नटांच्या कडांना हिरवट-निळा थर. मी म्हटलं रंग असेल. धाकट्या मामांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, “मोरचूद.” ते पूर्वी पलूसला द्राक्षबागेत होते. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी वर्षानुवर्षं झालेली. म्हणजे ट्रॅक्टर बागेतला, पीटीओवर फवारणीचा ब्लोअर जोडून सीझनभर पळवलेला. मोरचूद लोखंड खातं. पत्रा कुठे कुठे बिस्किटासारखा झाला होता. पीटीओच्या शाफ्टचे दाते एका बाजूनं झिजून टोकदार. 640 तासांत ते होत नाही. मीटर मात्र कोरा करकरीत, नव्या काचेचा.

भाच्यानं एमपरिवहन या सरकारी ॲपवर नुसता नंबर टाकला. दोन मिनिटं. नोंदणी 2013 ची. आणि बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच उभा. तो नंबर ट्रॅक्टरच्या कपाळावर पहिल्या दिवसापासून रंगवलेला होता, एमएच 10 नं सुरू होणारा, आणि मी त्याच्यावरच हळदकुंकू वाहिलं होतं.

कागदासाठी चार महिने गेले. गाडी नावावर करायचे सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30 आले, पण मालक तिसराच, आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 बँकेनं दिल्याशिवाय आरटीओ हलत नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, कार्यालय हा धंदा, तो समोरून मुद्दा काढेल की माल व्यापारी कामासाठी घेतला. उपजीविकेसाठी स्वतः राबताय हे दाखवावं लागेल. त्यात वहीच्या पानाची पावती. शेवटी पोलिसांत अर्ज दिल्यावर एजंट दोन मध्यस्थ घेऊन आला. माझ्याकडे अडकलेल्या चाळीस हजारांतूनच बँकेची बाकी भागली आणि ट्रॅक्टर माझ्या नावावर झाला. जाताना म्हणतो, “वहिनी, गैरसमज नको.”

डेक दादांनी तोडून त्याचा स्लॅशर केला. गिअरबॉक्स तोच, खाली एक लांब जड पातं. गवत कापायला लागलं आणि तिसरं खोटं बाहेर आलं. लॉनच्या कडेनं वळताना मोठ्या मामांनी क्लच दाबला, तरी ट्रॅक्टर थांबेना. तीन-चार फूट पुढे रेटत जाऊन मांडवाचा खांब वाकवला. एजंट म्हणाला होता डबल क्लच आहे. होता एकेरी, म्हणजे चाकं आणि पीटीओ दोन्हींना मिळून एकच क्लच. अशात फिरतं जड पातंच उलट गिअरबॉक्स फिरवतं आणि चाकं ढकलतं. खांबाच्या जागी पोर असतं तर, हा विचार मला अजून रात्री उठवतो. आता शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच बसवलाय, तो पात्याची उलट ताकद गिअरबॉक्सकडे जाऊ देत नाही. ज्यांच्याकडे एकेरी क्लचचा ट्रॅक्टर आणि मागे स्लॅशर आहे, त्यांनी तो आजच बसवावा.

सध्या ट्रॅक्टर फक्त बागेत चालतो, चार इंच वरून. लॉनवर नेत नाही, त्याच्या खाचांच्या टायरांनी ओल्या हराळीची सालं निघतात. उतारावर तर अजिबात नाही, तिथं ब्रशकटरच. लॉनला पुन्हा ते जुनं ढकलायचं मशीन.

विट्याच्या माणसाला मी म्हटलं, जायचंच असेल तर गाडीचा नंबर आधी मोबाईलवर टाकून बघा, पात्याचे फेरे मोजायला टॅकोमीटरवाला माणूस बरोबर न्या, आणि बांधाकडचं उंच गवतच कापून दाखवायला लावा. तो म्हणाला, “मॅडम, मी विचारलं होतं. तिथं साप आहेत म्हणाला.”