दंतविद्यार्थ्यांसाठी आहार-समुपदेशन कार्यशाळा, नागपूर: दोन दिवस, बाराशे रुपये

बीडीएसची चार वर्षं संपली तरी आहाराबद्दल मला सांगता येत होतं ते एवढंच: गोड कमी खा, खाल्लं की चूळ भरा. ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच ऐकवायचे, आणि सहा महिन्यांनी तेच मूल आणखी एक किडलेली दाढ घेऊन यायचं. म्हणून इंटर्नशिप चालू असतानाच ही कार्यशाळा केली. शिकवायला एक आहारतज्ज्ञ आणि एक बालदंतवैद्य.

पहिल्या सकाळी स्लाइड्स नव्हत्याच. जोड्या लावून एकमेकांचं कालच्या दिवसभराचं खाणं लिहायला लावलं. माझा जोडीदार म्हणाला, "दोनदा जेवलो, बस." शिकवणाऱ्या मॅडमनी मागून विचारलं, "आणि चहा?" मग एकेक निघत गेलं: पाच कप चहा, मधेच बिस्किटं, बसमध्ये चघळलेली गोळी, संध्याकाळचं सरबत. ते सगळं वेळेनुसार फळ्यावर मांडलं. गोड तोंडात गेलं की दातांवरच्या थराचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो कमी म्हणजे आम्ल जास्त) काही मिनिटांत ५.५च्या खाली जातो, इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळू लागतं, आणि पीएच सावरायला अर्धा तास तरी लागतो. पीएचची ही घसरण दाखवणारा स्टीफनचा आलेख मी परीक्षेत कितीदा काढला असेल, पण नेहमी एकच खळगा. इथे ओळीने आठ खळगे दिसले. साखर किती यापेक्षा दिवसातून किती वेळा, हा प्रश्न मला तिथे खऱ्या अर्थाने कळला.

गुळावरचा तासही फार उपयोगी. "आम्ही साखर देतच नाही, गूळ देतो," हे आपल्याकडे रोज ऐकू येतं. गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरेतलाच घटक. दाताला दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रससुद्धा साखरेच्याच हिशेबात धरलाय. ही सगळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, म्हणजे २००० कॅलरीमागे ५० ग्रॅमच्या आत. तेवढी साखर चमच्याने वाटीत मोजून दाखवली. सपाट बारा चमचे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. स्वीडनमधला विपेहोल्मचा अभ्यास दोन मिनिटांत उरकला. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाल्ल्याने दात सर्वाधिक किडतात हे त्यातून कळलं, पण ते मतिमंदांच्या संस्थेतल्या माणसांना त्यांच्या संमतीशिवाय टॉफी खायला देऊन. ते ज्ञान कुणाच्या दातांवर उभं आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं होतं. दुसरं, हाती दिलेल्या आहारपत्रकात चीज, सफरचंद, सेलरी! खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडी, ताक कुठे गेलं? माझ्या ओपीडीतली ताई सेलरी कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशीच्या सरावात मॅडम स्वतः आजी झाल्या. नातू रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपतो, नाही दिली तर रडतो. मी लगेच "बाटली बंद करा" म्हणाले. त्यांनी थांबवलं: "आधी विचार, रात्री त्याच्याजवळ कोण असतं?"

सोमवारी ओपीडीत हाच प्रश्न एका खऱ्या आजींना विचारला. सून रात्रपाळीला जाते, म्हणून बाटली. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: आठवडाभर साखर निम्मी, मग साधं दूध, नंतर बाटलीत फक्त पाणी. पंधरा दिवसांनी बोलावलंय.

जाणार असाल तर स्वतःच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद लिहून न्या, त्यात एक रविवार धरा. ऐन वेळी आठवून लिहिताना बरंच सुटतं.