ओम्नीच्या गटरचं लीकेज काढतो म्हणून साडेसहा हजार घेतले आणि केलं काय, नुसतं सिलिकॉन

ज्यांच्याकडे जुनी ओम्नी, पद्मिनी, अँबॅसिडर अशी छताच्या कडेला पन्हळ, म्हणजेच गटर, असलेली गाडी आहे त्यांनी पावसाळ्याआधी कुणाला काम द्यायच्या आत हे वाचा, माझे पैसे गेलेत, तुमचे तरी जाऊ नयेत.

आमची ओम्नी 2006 ची, बाबांनी घेतलेली, 2021 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा परत पासिंग करून घेतलं कारण विकायचं मनच होत नाही. गेल्या वर्षी कुंभार्ली घाटात जोराच्या पावसात मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर टपटप पाणी पडायला लागलं आणि पुढे ड्रायव्हर साइडला खांबातून ओघळून मॅटखाली डबकं झालं, तिथेच डॅशबोर्डखाली वायरिंग आहे म्हणून जास्त घाबरलो.

आता दोष कुठे असतो ते सांगतो. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा त्या गटरमध्येच एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं आणि सांध्यावर कंपनीतून सीलर भरलेलं असतं, ते उन्हाने वाळून तडकतं. त्यात आमच्यासारखं वर कॅरिअर असेल तर त्याचे पाय गटरमध्येच आवळतात, तिथला रंग खरवडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मे महिन्यात एका गॅरेजवाल्याकडे गेलो, माणूस बोलायला एकदम गोड. "दादा टेन्शन घेऊ नका, जुनं सीलर सगळं खरवडतो, गंज काढतो, प्रायमर मारून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरतो, वरून कलर, पाच वर्षं बघायला नको." साडेसहा हजार ठरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर दोन फोटो, गटर अगदी चकचकीत उघडा पत्रा दिसतोय, मी खूश. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर आतमध्ये आंबट, व्हिनेगरसारखा वास येत होता, विचारलं तर म्हणाला सीलंट नवीन आहे दोन दिवसांत जाईल. माझ्यासमोर काचेवर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाला बघा थेंब नाही. काचेवर! गटरवर ओतलंच नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. बिल मागितलं तर पक्कं बिल पाहिजे असेल तर वर 18 टक्के जीएसटी पडेल म्हणाला, म्हणून मी पण नको म्हटलं, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि पाणी होतं तिथेच, उलट जास्त. गटरवर नख लावलं तर रंग सालीसारखा निघून आला आणि खाली रबरासारखी पांढरी पट्टी. ओळखीच्या एका जुन्या डेंटरकडे नेली, त्याने वास घेऊनच सांगितलं की हे माशांच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन, याच्यावर रंग धरतच नाही आणि सुकताना यातून अॅसिड सुटतं ते उघड्या पत्र्याला आणखी खातं. पट्टी ओढून काढली तर खाली जुनं तडकलेलं सीलर जसंच्या तसं, गंज तसाच, आणि कॅरिअरच्या पायाखाली जे भोक होतं त्यात लांबी (पुट्टी) भरून ठेवलेली! मग ते फोटो परत नीट पाहिले, त्यातल्या गटरला कॅरिअरच्या पायांची एक खूणसुद्धा नाही, म्हणजे ती आमची गाडीच नव्हती.

म्हणून सांगतो, सीलर काढून पत्रा उघडा झाला की स्वतः जाऊन बघा, नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ घ्या, सीलंटची ट्यूब तुमच्यासमोर फोडायला लावा. टेस्ट करताना एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपने खालून सुरू करून हळूहळू वर गटरपर्यंत पाणी मारायचं, घाई नाही.

जुन्या डेंटरने सडलेला पत्रा कापून पॅच वेल्ड केला, रेड ऑक्साइड प्रायमर मारून पीयू भरलं, तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि रोज फोन करून बघायला बोलवलं. तो पहिला आता फोन उचलत नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ते दोन फोटो घेऊन मी 1915 वर ग्राहक तक्रार नोंदवली आहे, बिल नाही म्हणून धाकधूक आहे पण सोडणार नाही.