चढत्या बॉक्सरला पाडायचं कसं: लवकर की उशिरा?

फिलिपिन्समध्ये अनुभवी पण पडेल मानलेल्या बॉक्सरपुढे दोन वाटा असतात. पहिली, सुरुवातीलाच नॉकआउटसाठी जाणं. 1996 मध्ये रुस्तिको तोरेकाम्पोने पुढे जगज्जेता झालेल्या, तेव्हा 11-0 (11 विजय, एकही पराभव नाही) अशा मॅनी पॅकियाओला तिसऱ्याच फेरीत झोपवलं. वजन मर्यादेबाहेर गेल्यामुळे पॅकियाओच्या हातात 8 औंसांचे, म्हणजे जड आणि ठोसा बोथट करणारे ग्लोव्हज होते, तोरेकाम्पोच्या 6 औंसांचे. वजनकाट्यावरची चूक रिंगमध्ये अशी भोवते!

दुसरी वाट लढत लांबवण्याची: बरगड्यांवर मारा, क्लिंच (प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून अडकवणं), जवळून झोंबाझोंबी. झटपट जिंकत आलेल्या पोराचा दम सहाव्या फेरीनंतर तुटतो, गार्ड (चेहरा झाकणारे हात) खाली येतो. पण अटीतटीच्या फेऱ्या गुण देणारे पंच बहुधा लाडक्या पोरालाच देतात. शिवाय ऐनवेळी लढायला बोलावलेल्या अनुभवी बॉक्सरचाच दम आधी संपतो. तयारीला आठवडाच असेल, तर पहिलीच वाट बरी.