भाऊबंदकीचं मॉडिंग: वारशाचे कायदे लिहायला सीके२ बरं की सीके३?

क्रुसेडर किंग्ज २ (सीके२, मध्ययुगातलं राजघराणं पिढ्यान्पिढ्या चालवायचा कॉम्प्युटर गेम) चा बेस गेम ऑक्टोबर २०१९ पासून फुकट आहे म्हणून मी पण तिथूनच सुरुवात केली, दोन पावसाळे त्यात घालवले आणि मग सीके३ वर गेलो, त्यामुळे दोन्हीकडे हात भाजून झालेत. ज्याला मॉडिंग करून, म्हणजे गेमच्या फाईल्स बदलून, वारशाचे कायदे स्वतः लिहायचेत आणि कुठल्या गेमवर लिहू हेच ठरत नाहीये त्याच्यासाठी हे. लढाया, ग्राफिक्स, चेहरे सगळं बाजूला ठेवतो. राजा मेला की गादी कुणाला, एवढंच बघायचंय.

टेस्टला मी घरचीच भानगड घेतली. आम्ही खारेपाटणचे, इथे रट्टराजाचा शके ९३० चा म्हणजे १००८ सालचा ताम्रपट सापडला, त्यात दक्षिण कोकणच्या शिलाहारांची (मध्ययुगातलं राजघराणं) सनफुल्लापासून दहा नावं आहेत, बापामागून मुलगा, सरळ रांग. आणि उत्तरेकडचे ठाण्याचे शिलाहार बघा. छित्तराज गेला तर भाऊ नागार्जुन, तो गेला तर तिसरा भाऊ मुम्मुणी, ज्याच्या वेळचं ते अंबरनाथचं १०६० चं देऊळ, आणि त्याच्यानंतर कोण तर नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव (त्याचा १०९४ चा ताम्रपट पण आमच्याकडेच सापडलाय, गाव छोटं आहे पण कागदपत्रं भारी). आता हा नियम होता की निव्वळ भाऊबंदकी ते ताम्रपट काही सांगत नाही, पण मॉडरला मटेरियल मस्त मिळतं, एकच कोकण, एकाच नावाची दोन घराणी, दोन वेगळ्या रांगा. शिवाय दोन्ही गेममध्ये १०६६ ची सुरुवात आहे, म्हणजे मुम्मुणीच्या आसपासचाच काळ.

सरळ रांग दोन्हीकडे तयार मिळते, ज्येष्ठ पुत्राचा कायदा आहेच. फक्त सीके३ मध्ये तो उशिराच्या मध्ययुगातल्या इनोव्हेशनला (गेममध्ये काळाबरोबर मिळणाऱ्या सुधारणेला) बांधलाय, ती अट काढून टाकली की झालं, संध्याकाळचं काम. खरी मजा ठाण्याच्या रांगेत आहे.

सीके२ मध्ये वारस शोधायचं गणित गेमच्या पोटात बंद आहे. कायद्यांची फाईल उघडता येते, कुणाला कायदा दिसेल, कुठल्या अटीवर लावता येईल, लावल्यावर सरदार किती चिडतील हे सगळं लिहिता येतं, पण रांग स्वतः लावता येत नाही, गेमने जे ठराविक प्रकार दिलेत त्यातलाच एक उचलायचा. सिनियॉरिटी (घराण्यातला वयाने सगळ्यात मोठा तो वारस) उचलली की भावाकडून भावाकडे गादी जाते खरी. पण सीके२ ला घराण्याच्या आतली शाखा कळतच नाही, अख्खी डायनॅस्टी एकच, त्यामुळे मी ठाणे आणि कोल्हापूरच्या (ही शिलाहारांची तिसरी शाखा) शिलाहारांना एका नावाखाली टाकल्यावर ठाण्याचा राजा मेला आणि गादीवर कोण बसलं तर कोल्हापूरकडचा एक एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, ज्याने खाडी कधी बघितली नसेल. तीन वर्षांत तो पण गेला. एक पळवाट आहे, नोव्हेंबर २०१८ ला होली फ्युरी हा डीएलसी (गेमला जोडायचा विकतचा जादा भाग) आला त्या पॅचपासून, म्हणजे अपडेटपासून, निवडणुकीच्या पद्धती स्क्रिप्टमध्ये लिहिता येतात, म्हणजे मतदार कोण, उमेदवार कोण आणि कुणाला किती गुण. सख्ख्या भावाला एवढे गुण द्यायचे की दुसरं कुणी निवडून येणारच नाही. जमतं. पण ती ग्रामपंचायतीची बिनविरोध निवडणूक झाली, कायदा नाही.

सीके३ मध्ये कायदा सुट्या भागांचा आहे आणि मला आवडतं ते हेच. वारसाने मिळणार की निवडणुकीने हा एक भाग, शोध कुठे घ्यायचा हा दुसरा (मुलांत, घरात, की अख्ख्या डायनॅस्टीत), मोठा आधी की धाकटा आधी हा तिसरा, मग इस्टेट फोडायची की एकाच्या हातात द्यायची, मग मुलींचं काय. ट्रॅव्हर्सल ऑर्डरला (शोध कुठे) हाऊस लावा, रँकला (मोठा की धाकटा) ओल्डेस्ट लावा, आणि ठाण्याची रांग अक्षरशः चार ओळींत उभी राहते: तिघे भाऊ संपले की पुढच्या पिढीतला वयाने मोठा, म्हणजे अनंतदेवाला चान्स. आणि हाऊस म्हणजे शाखा, त्यामुळे कोल्हापूरवाले आपोआप बाहेर. म्हातारे राजे पटापट मरतात ही कटकट इथेही आहे, ती सिनियॉरिटीचीच आहे, गेमची नाही.

वाटणीचे तीन प्रकार पण इथे छान उघडे आहेत. कॉन्फेडरेट पार्टिशन मुलांत वाटता यावं म्हणून तुमच्या बरोबरीचा नवा किताब पण तयार करतं, साधं पार्टिशन तसं करत नाही, आणि हाय पार्टिशनमध्ये थोरल्याला किमान अर्धं मिळतंच, तो अर्धा म्हणजे फाईलमधला ०.५ हा आकडा, बदलून ०.८ करा, बघा काय होतं. मी हे बदलत होतो तेव्हा काका मागून बघत होते, ज्यांचं आयुष्य एका सातबाऱ्यावरची एकोणीस नावं आणि सामायिक कलमी झाडांच्या वाटणीत गेलंय, ते म्हणाले, "म्हणजे थोरल्याक सगळां आणि धाकट्याक गडगो?" (गडगो म्हणजे कुंपणाची दगडी भिंत.) तर हो, ०.८ म्हणजे साधारण तेच, आणि धाकटा पुढे काय करतो ते गेममध्येही तेच, फक्त कोर्टाऐवजी सैन्य घेऊन येतो.

पण सगळंच मोकळं आहे असं समजू नका. मला खाली कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या तुळुनाडूतल्या अळियसंतानसारखं, बहिणीच्या मुलाला वारसा देणारं काहीतरी करायचं होतं, आणि शोधाच्या पर्यायांत "बहिणीची मुलं" असं काही नाहीच. म्हणजे सीके३ मध्ये सुद्धा पुन्हा निवडणुकीकडेच जावं लागलं, भाच्याला ढीगभर गुण देऊन. ते पण चाललं असतं, पण साध्या लग्नात बहिणीचा मुलगा बापाच्या घराण्यात जातो, मग तो तुमचा खेळता वारस होत नाही, आणि तुमच्या डायनॅस्टीचं कुणीच वारस उरलं नाही की गेम ओव्हर. म्हणजे आधी राजघराण्यातल्या पोरींची लग्नं मॅट्रिलिनियल (मुलं आईच्या घराण्यात) होतील याची सोय करा, मग कायदा. कायद्याला मला एक रात्र लागली, लग्नांना तीन आठवडे. असलं काही डोक्यात असेल तर दोन्ही गेम सारखेच छळतील, त्यावरून निवड करू नका.

आता रोजचा त्रास. सीके२ आता थांबलेला गेम आहे, लिहिलेलं मॉड आहे तसं चालत राहतं. सीके३ वर २०२५ मध्येही मोठे डीएलसी आले, आणि कायदे गटात असतात, त्यामुळे मी गटात नवीन कायदा घालताना अख्खा गट माझ्या फाईलमध्ये कॉपी करतो आणि पॅच आला की मूळ फाईलशी ओळ न् ओळ ताडून बघतो. कंटाळवाणं आहे. त्याबदल्यात डिबग मोड (चुका शोधायची सोय) मिळतो, बऱ्याच फाईल्स गेम चालू असतानाच रीलोड होतात, एरर लॉग बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो, आणि वारसांची यादी स्क्रीनवर लगेच दिसते, राजाला मारून बघायला लागत नाही. सीके२ मध्ये एक कंस चुकला की गेम बंद करा, परत चालू करा, चहा करून या.

नावांची फाईल हा वेगळाच विषय. सीके२ ची सेमीकोलनवाली सीएसव्ही आणि जुनं विंडोज एन्कोडिंग, देवनागरी विसरा. सीके३ ला यूटीएफ-८ विथ बॉम (फाईलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) लागतं, ते बॉम घालायचं राहिलं तर कायद्याच्या नावाऐवजी नुसतं कोडमधलं नाव (की) दिसतं, यात माझी एक पूर्ण रात्र गेली. तिथेही मी नावं रोमनमध्येच लिहितो.

पैशाचं म्हणाल तर सीके२ फुकट हे अर्धसत्य आहे, नकाशावर भारत दिसतो पण हिंदू राजा खेळायला राजाज ऑफ इंडिया हा २०१४ चा डीएलसी विकत लागतो. सीके३ विकत आहे पण कोकणचा राजा बेस गेममध्येच खेळता येतो. लॅपटॉप जुना असेल तर मात्र सीके२, माझा आधीचा लॅपटॉप सीके३ वर शंभर वर्षं गेली की जेट्टीवरच्या लाँचसारखा धडधडायचा, आणि पावसात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, बॅटरीवर सीके२ दीड तास तरी टिकायचं.

तुमच्या जागी मी असतो तर नवीन लॅपटॉपवर सीके३, जुन्यावर सीके२ आणि त्यातही फक्त तयार कायद्यांच्या अटी बदलण्यापुरतं. आणि सीके३ घेतलंत तर आधी ते ०.५ बदला, एकच आकडा आहे, राजाला तीन पोरगे द्या आणि वारसांची यादी बघत बसा.