ऑडिओमॉथ: थर वाळवंटातल्या लांब शेपटीच्या वटवाघळासाठी कितपत उपयोगाचं?

रायनोपोमा हार्डविकी हे कोरड्या मुलखातलं वटवाघूळ. वजन दहा-पंधरा ग्रॅम, शेपटी उंदरासारखी लांब आणि पायांमधल्या पातळ कातडीच्या पडद्याबाहेर मोकळी. पश्चिम राजस्थानात जुने किल्ले, भुयारं, पडक्या इमारती हा त्याचा मुक्काम. त्याचा आवाज रात्रभर टिपायला ऑडिओमॉथ हे छोटं ध्वनिमुद्रण यंत्र पुरून उरतं, फक्त सेटिंग विचार करून करा.

यंत्र 58 × 48 मिलिमीटरचं, तीन पेन्सिल सेलवर चालणारं. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा ते) 384 किलोहर्ट्झपर्यंत जातो म्हणून बरेच जण तोच ठेवतात आणि मेमरी कार्ड भरून टाकतात. रेटच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच्याच आवाजाची नोंद होते. या वटवाघळाचा जोरकस आवाज 32 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे 192चा रेट भरपूर झाला. त्यात तासाला सुमारे 1.4 जीबी लागतात. बारा-बारा तासांच्या सात रात्री 128 जीबीत बसतात. तिथेच हिपोसिडेरॉस फल्व्हस हे दुसरं वटवाघूळही राहत असेल तर मात्र 384ला पर्याय नाही, कारण त्याचा आवाज 150 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तेव्हा वेगवान कार्ड घ्या, स्वस्तातलं मध्येच अडखळतं.

सर्वांत त्रासदायक गोष्ट घड्याळ. सेल काढले की वेळ पुसली जाते. सेल बदलल्यावर ती पुन्हा लावावी लागते. फाइलींवर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ असेल तर 13:30 म्हणजे आपले संध्याकाळचे सात.

यंत्राचा उघडा सर्किट बोर्ड वाळूत ठेवू नये. प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडते आणि रेकॉर्डिंग त्या खडखडाटानेच भरतं. यंत्रासाठीची मूळ केस (पेटी) घेतलेली बरी. भुयाराच्या आत लावू नका: प्रतिध्वनी गोंधळ करतात, वटवाघळंही बिचकतात. भुयाराच्या तोंडापासून थोडं दूर, बांबूवर, भिंतीपासून सुटं आणि मोकळ्या आकाशाकडे वळवून लावा.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामची (आवाजाच्या वारंवारतेच्या आलेखाची) वरची मर्यादा वाढवायला विसरलात तर काहीच दिसणार नाही. उघड्यावर उडताना या वटवाघळाची खूण म्हणजे जवळजवळ आडवी, लांब रेघ. 30, 32.5 आणि 35 किलोहर्ट्झ अशा तीन पातळ्यांवर रेघा दिसल्या तर तीन जाती लिहून मोकळे होऊ नका. थव्यात उडताना हेच वटवाघूळ स्वर बदलतं.

जागेवर उभं राहून लगेच ओळख पटवायची असेल तर हे यंत्र घेऊ नका. त्याला स्क्रीन नाही आणि आवाज तिथल्या तिथे ऐकवायची सोयही नाही.